म्होरक्याचा अंगठा

एडगर ओल्डरॉइडच्या उजव्या पायाचा अंगठा वाकेनासा झालाय, हे हॅदरक्लफ गावात एडगरच्याही आधी कॉलिन स्पिंकला कळलं. आता पाय एडगरचा, अंगठा एडगरचा, कळ यायची ती एडगरला. मग कॉलिनला आधी कसं कळेल, असं कुणी विचारेल. त्याचं असं आहे, की दुखणं आणि दुखतंय असं मान्य करणं यांच्यामध्ये यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात सहज दहा-बारा वर्षं जातात. एडगर अजून पहिल्याच टप्प्यावर होता. कॉलिन मात्र पबच्या खिडकीत बसून त्याची चाल बघत होता.

"एडगर, पाय कसा आहे रे?" कॉलिननं विचारलं. आवाजात इतकी माया, की हा आता खिशातून पट्टीच काढतो की काय असं वाटावं.

"कुठला पाय?"

"उजवा."

"मजेत. तुझा?"

"झकास," कॉलिन म्हणाला, आणि बिअरचा घोट घेऊन सावकाश पुढे म्हणाला, "दोन्ही."

तो 'दोन्ही' एडगरच्या काळजात घुसला.

कारण प्रश्न पायाचा नव्हता, उलट्या नाचाचा होता. मे महिन्यातल्या सुट्टीच्या सोमवारी हॅदरक्लफचे आठ पुरुष चर्चच्या पायरीपासून नदीवरच्या पुलापर्यंतचा सगळा दगडी उतार उलट्या पावली नाचत उतरतात. तोंड चर्चकडे, पाठ नदीकडे. कुठल्याशा जुन्या काळी पलीकडच्या ब्रॅकनथॉर्पवाल्यांशी मेंढ्यांवरून मारामारी झाली, तेव्हा आपले पूर्वज शत्रूला पाठ न दाखवता असेच नाचत मागे आले, असं गावात सांगतात. एकदा शाळेतल्या एका मास्तरानं शंका काढली, की ब्रॅकनथॉर्प तर नदीपलीकडे आहे, म्हणजे नाचताना पाठ नेमकी शत्रूकडेच होते. त्या मास्तराला तेव्हापासून गावात कुणी चहाला बोलावलेलं नाही.

या नाचात सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात पुढे, म्हणजे पाठमोरा सगळ्यात आधी, असतो तो म्होरक्या. त्यानं मागे वळून पाहायचं नाही, बोलायचं नाही, आणि चेहऱ्यावरची एक सुरकुती हलू द्यायची नाही. पाय मागे न्यायचा, मऊ कातडी बुटातला अंगठा दगडावर टेकवायचा, तो वाकवून दगड कसा आहे ते चाचपायचं, मगच टाच सोडायची. म्होरक्याचा अंगठा हाच त्याचा डोळा. केस काळे होते तेव्हापासून एडगर म्होरक्या होता. आणि त्याच्या नाकासमोर, दुसऱ्या जागेवर, होता कॉलिन. इतक्या वर्षांत एडगरनं कॉलिनचं टक्कल रुपयाएवढ्या ठिपक्यापासून पूर्ण माळरान होईपर्यंत वाढताना पाहिलं होतं.

गेल्या मे महिन्यात बेकरीच्या कोपऱ्यावर अंगठा अडला, एडगर क्षणभर थबकला, आणि वरून उलटा येणारा कॉलिन टाचेसकट त्याच अंगठ्यावर उभा राहिला. एडगरच्या डोळ्यांपुढे सबंध खोरं हिरवं-पिवळं झालं. त्यावर तो ओठ न हलवता काय म्हणाला असेल?

"माफ कर."

तर असा हा माणूस. आणि त्यानं ठरवलं, की काही झालं तरी पुढच्या मे महिन्याच्या आत अंगठा वाकता करायचा.

हा निश्चय त्यानं फक्त बायकोला, म्युरिएलला सांगितला. म्युरिएलनं फक्त शेजारच्या डोरीनला सांगितला. डोरीननं कुणालाच सांगितला नाही. पण दुसऱ्या दिवसापासून लोक कुंपणावरून उपाय फेकू लागले. कुणी हंसाची चरबी आणून दिली, कुणी तांब्याचं वळं. पाद्रीबाबांनी चर्चच्या दारात हात धरून सांगितलं, की त्यांच्या आत्याला मधमाश्या चावून घेतल्यानं गुण आला होता. आत्या पुढे किती जगल्या, हे मात्र त्यांनी टाळलं. डोरीनचा स्वतःचा उपाय रुबार्बचा होता. परसातल्या त्या आंबट लाल दांड्या उकळायच्या आणि पाणी कोमट झालं की पाय बुडवून बसायचं.

"माझ्या अल्बर्टला यानंच आराम पडला होता," डोरीन म्हणाली.

"अल्बर्ट वारला ना गं?" एडगर म्हणाला.

"पायानं नाही वारला!"

अल्बर्टचं सांगायचं तर, तो एका दुपारी 'जरा थकल्यासारखं वाटतंय' म्हणाला आणि चहाच्या वेळेपर्यंत आटोपला. गावात अजूनही लोक मान हलवून म्हणतात, की अल्बर्ट शेवटी शेवटी फार कुरकुर करायला लागला होता.

रुबार्बनं दुखणं हललं नाही. पाय मात्र घोट्यापर्यंत गुलाबी झाला, आणि तो गुलाबी पाय घेऊनच एडगरला डॉक्टरकडे जावं लागलं. सकाळी आठच्या ठोक्याला फोन लावायचा, रांगेत थांबून तेच ते संगीत ऐकायचं, आणि आपली पाळी येईपर्यंत त्या दिवशीच्या वेळा संपलेल्या असायच्या, अशा बऱ्याच सकाळी गेल्यावर त्याला ही भेट मिळाली होती. नवी डॉक्टरीणबाई तरुण होती. तिनं आधी गुलाबी रंगाबद्दल काळजीनं विचारलं, आणि मग म्हणाली, "शून्य ते दहा, यात तुमचं दुखणं कितीवर आहे?"

एडगरनं प्रामाणिकपणे विचार केला. दहा म्हणजे बाळंतपण. नऊ म्हणजे युद्धात तोफगोळा लागणं. आठवर त्यानं आपल्या आजोबांना ठेवलं, ज्यांचा पाय खाणीत चिरडला होता आणि जे 'बूट चांगला होता' एवढंच म्हणाले होते. असं करत करत उतरत तो खाली आला.

"दोन," तो म्हणाला. मग आपण फार मागून घेतलं असं वाटून म्हणाला, "दीड म्हटलं तरी चालेल."

डॉक्टरीणबाईंनी त्याला जाड तळव्याचे बूट घालायला सांगितलं आणि एक रंगीत पत्रक दिलं. पत्रकावर एक म्हातारं जोडपं समुद्रकिनाऱ्यावर आइस्क्रीम खात हसत चाललं होतं. म्युरिएलनं ते पत्रक पाहिलं, मग एडगरकडे पाहिलं, आणि चहाची किटली अशी आपटली की मांजर घर सोडून गेलं.

"दीड? कालच उशी दातात धरून जिना चढलास की रे!"

"अगं, बाहेर रांग होती. एका बाईचं मूल खोकत होतं."

दुसऱ्या खेपेला म्युरिएल स्वतः गेली आणि तिनं त्याची चिठ्ठी मोठ्या रुग्णालयात पाठवायला लावली. पण तिथल्या संगणकात कुणाचं तरी बोट एक ओळ खाली घसरलं, आणि एडगर पायाच्या विभागाऐवजी हाताच्या विभागात जाऊन पोचला. दारावर मोठ्या अक्षरात 'हात' लिहिलेलं होतं. कुणीही दुसरा माणूस म्हणाला असता, 'बाई, मी चुकलो.' पण आतली डॉक्टरीण इतकी आपुलकीनं उठून उभी राहिली, 'या, बसा, फार थांबावं लागलं का?' म्हणाली, की आता हिचा विरस कसा करावा, असं एडगरला झालं. तिनं त्याच्या हाताचा अंगठा हातात घेतला, वाकवला, पिरगळला.

"इथे दुखतं?"

"तुम्ही म्हणत असाल तर थोडंसं," एडगर म्हणाला.

अंगठ्याला पट्टी लावून तो घरी आला. आणि ती काढली तर बरं दिसणार नाही, म्हणून कितीतरी आठवडे ती पट्टी बांधून हिंडला. कॉलिननं पबमध्ये ती बघितली. "अरेरे," तो म्हणाला, "आता हातही?"

त्या दिवशी म्युरिएलनं स्वयंपाकघरात शाळा उघडली.

डोरीनला डॉक्टर केलं. तिनं अल्बर्टचा जुना पांढरा रंगकामाचा डगला चढवला. टेबलाच्या अलीकडे एडगर, पलीकडे डॉक्टर डोरीन, आणि मध्ये परीक्षक म्हणून हातात डाव घेऊन म्युरिएल.

"सांगा, ओल्डरॉइड, कितीवर आहे?"

"आ..." एडगर म्हणाला.

"म्हण. आठ."

"आ... आज हवा छान आहे."

"एडगर!"

"अगं येत नाही तोंडातून! खोटं बोलल्यासारखं वाटतं."

"दुखतंय की नाही?"

"दुखतंय. पण ते त्या बाईला कशाला? तिनं काय बिघडवलंय आपलं?"

"राजा," डोरीन म्हणाली, "आपण आधी कण्हायला शिकू. आकडे मागाहून." आणि तिनं स्वतः कण्हून दाखवलं. डोरीन एके काळी चर्चच्या गानवृंदात वरच्या पट्टीत गायची. तिचं ते कण्हणं ऐकून पोस्टमन पत्रं टाकून धावत मागच्या दारानं आत आला, आणि रुग्णवाहिका बोलावू का, असं विचारू लागला. त्या गडबडीत डॉक्टर डोरीन दचकून मागे सरकल्या त्या थेट एडगरच्या उजव्या अंगठ्यावर.

तिघंही श्वास रोखून त्याच्याकडे पाहत राहिले. आता निघणार, आता ओरड निघणार!

"चूक माझीच," एडगर म्हणाला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "पाय मीच मध्ये ठेवला होता."

म्युरिएलनं डाव टेबलावर ठेवला आणि त्या दिवसापुरती शाळा सोडली.

शेवटी उन्हाळा संपता संपता पायाच्या सर्जनकडे नंबर लागला. नाव मिस्टर कारास. मूळचे क्रीट बेटावरचे. तिकडे म्हणे माणसाला सुई टोचली तर शेजारच्या गावातून मावश्या धावत येतात. काराससाहेबांनी हाडांचा फोटो उजेडात धरला.

"सांधा संपलाय," ते म्हणाले. "गादी गेली, हाडावर हाड घासतंय, वरून काटे फुटलेत. मी दोन्ही हाडं जोडून पट्टी आणि स्क्रू लावून टाकतो. सांधा कायमचा बंद. दुखणं बंद. अंगठा पुन्हा वाकणार नाही, पण तुम्ही चालाल, बाजारात जाल, सुखात राहाल."

"फारच छान," एडगर म्हणाला. "तुम्हाला सोयीचं असेल तसं."

म्युरिएलनं टेबलाखालून त्याला लाथ मारली. डाव्या पायाला मारली, हा तिचा मोठेपणा.

"म्हणजे," एडगर म्हणाला, आणि थांबला. त्याच्या डोळ्यांपुढे पुढचा मे महिना आला. उतारावर सगळ्यात खाली कॉलिन स्पिंक, आणि आपण जाड तळव्याच्या बुटात फुटपाथवर उभे, हातात त्या पत्रकातल्या म्हाताऱ्यासारखी आइस्क्रीमची कांडी. "म्हणजे मला तो वाकायला हवाय."

"कशाला?"

"उलटं नाचायला."

काराससाहेबांनी चश्मा काढला. "कुठे?"

सांगून समजण्यातली गोष्ट नव्हती. एडगर उठला, बूट काढले, दार उघडलं आणि रुग्णालयाच्या त्या लांबलचक व्हरांड्यात, मोजे घालून, उलट्या पावली नाचत निघाला. चेहरा दगडासारखा. दोन्ही बाजूंना बाकांवर बसलेले रुग्ण सभ्यपणानं दुसरीकडे बघू लागले. एक म्हातारी मात्र आनंदानं टाळ्या वाजवू लागली. ती हॅदरक्लफची होती. एडगर वळणापर्यंत गेला आणि पाठीनं चहाच्या गाडीवर आदळला. कपांचा खळखळाट झाला, बिस्किटं घरंगळली.

"माफ करा," तो गाडीला म्हणाला.

काराससाहेब मागोमाग आले होते. त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. सुरकुती एक हलली नव्हती, पण गालांवरून पाण्याच्या दोन सरळ धारा हनुवटीपर्यंत पोचल्या होत्या.

"किती दुखतंय?"

"दोन."

"मिस्टर ओल्डरॉइड, मी या देशात बरीच वर्षं काढली आहेत. इथला दोन मला कळतो." त्यांनी त्याला बाकावर बसवलं. "दुसरा एक मार्ग आहे. हाडाच्या टोकाला छोटं भोक पाडून त्यात वाटाण्याहून थोडा मोठा असा एक मऊ गोळा बसवायचा. डोळ्यांत घालायच्या लेन्स असतात ना, साधारण त्याच जातीचं प्लास्टिक. तो किंचित वर डोकावतो, हाडाला हाड लागू देत नाही. सांधा वाकता राहतो. पण खरं सांगतो, सगळ्यांना मानवत नाही. कधी तो हाडात खचतो, मग शेवटी सांधा बंदच करावा लागतो. आणि मानवला तरी पहिल्या दिवसांपासून अंगठा रोज हातानं वाकवायचा. दुखेल. नाही वाकवला तर आत वण धरून पुन्हा ताठ."

एडगरनं पुढचं फारसं ऐकलंच नाही. म्होरक्याच्या अंगठ्यात लेन्स! इतकं चोख उत्तर त्याला चर्चमध्येसुद्धा कधी मिळालं नव्हतं.

"बसवा," तो म्हणाला. 'सोयीचं असेल तर' हे त्यानं म्हटलं नाही. म्युरिएलनं ते लक्षात ठेवलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी त्याला जागंच ठेवणार होते. फक्त घोट्यापाशी सुया देऊन पाऊल बधिर करायचं होतं. छातीपाशी हिरवा पडदा लावला. पडद्याच्या अलीकडे एडगरचं डोकं आणि त्याच्याशी गप्पा मारायला एक नर्स. नर्सनं मास्क खाली करून ओळखीचं हसू दिलं. ती ग्लेनिस होती. कॉलिन स्पिंकची सख्खी मेहुणी.

"अय्या, एडगरभाऊ! घाबरू नका हं राजा. कॉलिनदाजींनी खास सांगितलंय, नीट लक्ष ठेव म्हणून."

पडद्यापलीकडून काराससाहेबांनी सुईनं टोचून पाहिलं. "काही जाणवतंय?"

जाणवत होतं. चांगलंच जाणवत होतं. पण बाहेर अजून तीन माणसं पाळीची वाट बघत पडली होती, साहेबांची घाई दिसत होती, आणि ग्लेनिस डोळे मोठे करून बघत होती. अशा वेळी शहाण्या माणसानं काय म्हणावं?

"विशेष काही नाही," एडगर म्हणाला.

"इथे?"

"नावाला."

"नावाला म्हणजे नाही?"

"तुमचं चालू द्या."

आणि साहेबांनी चालू दिलं.

नंतर लोकांनी बरंच काही सांगितलं. खाली वाहनतळावर गाड्यांचे भोंगे आपोआप वाजू लागले म्हणे, हात विभागातल्या त्या प्रेमळ डॉक्टरणीच्या हातून एका माणसाचा अंगठा सुटला, दोन मजले खाली बसलेल्या म्युरिएलनं कपातला चहा मांडीवर घेतला आणि ओल्या स्कर्टनं उभी राहून म्हणाली, "ओरडला! माझा नवरा ओरडला!" यातलं खरं-खोटं ज्याचं त्यानं ठरवावं. पण एवढं नक्की, की सुरी कातडीला टेकली, आणि एडगर ओल्डरॉइडनं सबंध आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"दुखतंय! अरे दुखतंय! दहा! दहा! दहाच्या वर काय असतं ते!"

काराससाहेबांनी हात तिथल्या तिथे थांबवला. आणखी सुया दिल्या, पुरेसा वेळ थांबले, पुन्हा टोचून पाहिलं. या खेपेला पाऊल खरोखरच लाकूड झालं होतं. साहेब खुशीत होते. "शाबास," ते म्हणाले, "आमच्या गावात तुम्हाला मुलगी दिली असती."

पण आता वेगळाच घोटाळा झाला. पाऊल बंद झालं तरी तोंड बंद होईना. इतक्या वर्षांचं साचलेलं. एकदा फट पडली आणि धरण वाहू लागलं. पडद्यापलीकडे ठोकाठोक चाललेली, आणि अलीकडे एडगर छताकडे बघत बोलतोय. छताची ती फळी तिरकी आहे. वॉर्डातला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. डोरीनच्या दारातली ती किणकिणणारी घंटी एक दिवस नदीत फेकणार आहे. हाताच्या अंगठ्याला काहीही झालेलं नव्हतं. कॉलिन स्पिंकची टाच म्हणजे घोड्याची टाप आहे, आणि त्याच्या टकलाकडे बघून बघून मला टकलाची स्वप्नं पडतात. आणि रुबार्ब! लग्न झाल्यापासून दर रविवारी रुबार्बची पेस्ट्री! मला रुबार्ब आवडत नाही! कधीच आवडली नव्हती!

"जाणवतंय का काही?" मधूनच काराससाहेबांनी विचारलं.

"पायाला नाही," एडगर म्हणाला. "बाकी सगळीकडे."

ग्लेनिसनं सगळं मन लावून ऐकलं.

घरी पोचेपर्यंत ते सगळं म्युरिएलच्याही कानावर आलेलं होतं. तिनं ओव्हनमधली रुबार्बची पेस्ट्री काढली, परसात नेली आणि डोरीनच्या कोंबड्यांना घातली. "मलाही आवडत नाही," ती म्हणाली. "तुला आवडते म्हणून करत होते."

त्यानंतर हिवाळाभर रोज तिनं तो अंगठा हातात धरून वाकवला. सुरुवातीला तो गंजलेल्या बिजागरीसारखा होता. एडगर खुर्चीच्या दांड्या धरून मनमोकळा ओरडायचा, डोरीन भिंतीपलीकडून वरच्या पट्टीत साथ द्यायची, आणि म्युरिएल शांतपणे म्हणायची, "ओरड राजा, पण पाय मागे ओढू नकोस." एडगरनं पाय मागे ओढला नाही. एकदाही नाही. वसंतात रस्त्याकडेला पिवळी फुलं आली, तेव्हा तो भिंत धरून चवड्यावर उभा राहू शकत होता.

आणि तेव्हाच नाच समितीनं बैठक बोलावली.

बैठक चर्चच्या मागच्या खोलीत. मध्ये चहाची मोठी किटली आणि बिस्किटांची बशी. त्या बशीतलं शेवटचं बिस्कीट आजवर कुणी खाल्लेलं नाही. 'तू घे, नाही नाही, तूच घे' यातच ते दर खेपेला मऊ पडून कचऱ्यात जातं. कॉलिन उठला. त्याच्या आवाजात तीच माया होती.

"आपला एडगर," तो म्हणाला, "फार सोसलंय त्यानं. आमची ग्लेनिस सांगत होती, बिचारा ओरडला." खोलीत कुणीतरी श्वास आत ओढला. "माणूसच आहे. कुणाचा दोष नाही. पण म्होरक्याच्या चेहऱ्याची सुरकुती हलू नये, असा आपला दंडक. तेव्हा मला वाटतं, या वर्षी त्याला विश्रांती द्यावी. पुढची जागा मी... म्हणजे कुणीच नसेल तर... सांभाळीन."

सगळे आपापल्या कपात बघू लागले. जुन्या एडगरनं यावर 'तुमची सोय असेल तसं' म्हटलं असतं, घरी जाऊन उशी चावली असती, आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

एडगर उठून उभा राहिला.

"ओरडलो," तो म्हणाला. "दुखलं म्हणून ओरडलो. हिवाळाभर रोज ओरडलो. त्यामुळेच अंगठा वाकतोय." त्यानं बूट काढला, पाय बाकावर ठेवला आणि अंगठा वाकवून दाखवला. "आणि मला म्होरक्या राहायचंय. मला. हवंय. कुणाची हरकत असेल तर तोंडावर सांगा."

त्या खोलीत 'मला हवंय' हे शब्द आजवर कुणी उच्चारले नव्हते. किटलीसुद्धा उकळायची थांबली. मग एडगरनं हात पुढे केला, शेवटचं बिस्कीट उचललं आणि खाल्लं.

शेवटी कोपऱ्यातून ढोलवाला सेसिल खाकरला.

"आता विषय निघालाच आहे म्हणून," तो म्हणाला, "माझा खांदा. ढोल उचलला की तारे दिसतात."

"माझा गुडघा," दुसरा म्हणाला.

"माझी कंबर. पार माझ्या लग्नापासून."

"लग्नापासून म्हणजे लग्नामुळे, की..."

"तो वेगळा विषय आहे, तो पण सांगतो."

आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. पाद्रीबाबा दिवे बंद करायला आले ते दारातच टेकून स्वतःच्या मणक्याबद्दल सांगू लागले. फक्त कॉलिन गप्प बसून होता. एडगरनं त्याच्याकडे पाहिलं.

"आणि तुझं, कॉलिन?"

"झकास," कॉलिन म्हणाला, आणि उठायला गेला. अर्ध्यातच त्याचा चेहरा पांढराफटक पडला, आणि तो बाकाची कड धरून तसाच वाकून राहिला.

"खुबा," तो शेवटी हळूच म्हणाला. "डावा. दोन वर्षं झाली. म्हटलं, म्होरक्या झालो तर नाच जरा सावकाश नेता येईल. कुणाला कळणारही नाही."

एडगर त्याच्या टकलाकडे पाहत राहिला. इतकी वर्षं ते इतक्या जवळून बघितलं, पण त्याच्या आत काय चाललंय ते कधी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तरी 'मजेत' हेच उत्तर मिळालं असतं म्हणा.

"म्होरक्या मीच," एडगर म्हणाला. "पण तू दवाखान्यात जायचं. आणि नाचताना दुखलं की ओरडायचं. तू ओरडलास की मी त्या क्षणी थांबेन. नाही ओरडलास तर नाही थांबणार. शब्द दे."

कॉलिननं शब्द दिला.

नाचाच्या सोमवारी ऊन पडलं होतं. सगळं गाव फुटपाथवर. सेसिलनं ढोलावर थाप दिली, आणि एडगरनं उजवा पाय मागे नेला. अंगठा दगडाला टेकला. वाकला. दगड गार होता, मधून झिजलेला, डावीकडे जरा उतरता. सगळं त्याला अंगठ्यातून नीट कळलं. थोडी कळ आली, पण ती ओळखीच्या माणसानं खांद्यावर हात ठेवावा तशी. तो पुढे, म्हणजे मागे, निघाला. शाळा गेली, बेकरीचा तो कोपरा गेला, आणि एडगर अडला नाही.

आता समोरचं टक्कल घामानं चमकू लागलं होतं. कॉलिनचा डावा पाय दर चौथ्या पावलाला लटपटत होता.

"कॉलिन," एडगर ओठ न हलवता पुटपुटला, "दुखतंय?"

"छे," टकलाकडून उत्तर आलं. "मजेत."

म्हणजे बघा! चार भिंतींत कबूल केलेला माणूस, सबंध गाव बघतंय म्हटल्यावर परत तिथेच. एडगरला राग आला, आणि तो राग त्याच्या अंगठ्यात उतरला. पूल आला. इथे म्होरक्यानं थांबायचं, ढोल थांबायचा आणि लोकांनी टोप्या उडवायच्या. टोप्या हातात तयारही होत्या.

एडगर थांबला नाही.

तो उलट्या पावली पुलावर चढला. म्होरक्या थांबल्याशिवाय थांबायचं नाही, म्हणून कॉलिनही चढला, बाकीचे सहाही चढले. सेसिल खांद्याच्या नावानं बोंबलत ढोल बडवत मागे. फुटपाथवरचं गाव 'अरे हे काय' म्हणत त्यांच्यामागे. उभ्या इतिहासात पहिल्यांदाच हॅदरक्लफची माणसं नाचत नदी ओलांडून ब्रॅकनथॉर्पमध्ये शिरली, आणि तीही पाठमोरी. तिथले लोक कुंड्यांना पाणी घालत होते. शेजारचं सगळं गाव आपल्या अंगणाकडे पाठ करून नाचत येतंय हे बघून त्यांनी झाऱ्या खाली ठेवल्या आणि सभ्यपणे फाटकं उघडून दिली.

"एडगर," कॉलिनचा आवाज आला. "थोडं... पुष्कळ झालं, नाही?"

"तुला दुखतंय का?"

"तसं नाही, पण..."

"मग चल."

पोस्ट ऑफिस गेलं. खाटकाचं दुकान गेलं. ब्रॅकनथॉर्पची चढण लागली, आणि उलट्या पावली चढण चढणं हे तर कुणाच्याही पूर्वजांनी केलेलं नव्हतं. एडगरचा अंगठा एकेक दगड धरून वर सरकत होता. त्याला वाटलं, हे असंच सबंध परगणाभर नेता येईल, गरज पडली तर समुद्रापर्यंत; पण या माणसाला आज बोलतं केल्याशिवाय थांबायचं नाही.

चढणीच्या मध्यावर, एका बागेच्या फाटकापाशी, कॉलिन स्पिंक ओरडला. अशी ओरड, की त्या बागेतल्या बाईंनी हातातली कात्रीच टाकून दिली.

"दुखतंय! खुबा! एडगर, अरे थांब, मेलो मी!"

एडगर त्या क्षणी थांबला. ढोल थांबला. दोन गावांची माणसं एकमेकांकडे बघत उभी राहिली, आणि कुणाला काय करावं ते सुचेना, म्हणून त्यांनी टोप्या उडवल्या.

बागेतल्या बाई खुर्ची घेऊन आल्या. कॉलिन तिच्यावर बसला आणि रडत रडत हसू लागला. एडगर त्याच्या पायाशी दगडावर बसला, बूट काढला आणि अंगठा चोळू लागला. अंगठा टम्म सुजला होता, पण वाकत होता.

"उद्या सकाळी आठला फोन लावायचा," तो म्हणाला. "मी येतो तुझ्याकडे. 'दोन' म्हणालास तर फोन मी हातात घेईन."

"काय म्हणू मग?"

"आत्ता ओरडलास ना? तेच म्हण. तेवढ्याच मोठ्यानं."

संध्याकाळी दोघं एकमेकांच्या आधारानं, तोंड पुढे करून, सरळ चालत पुलाकडे निघाले. वाट उताराची होती. एकाचा खुबा, दुसऱ्याचा अंगठा. दर दोन पावलांना थांबत, दोघंही सबंध रस्ताभर बिनदिक्कत विव्हळत गेले. आणि दोन्ही काठांवरची माणसं फाटकात उभी राहून ऐकत राहिली.